साध्या पाण्याचा ट्रे

आमच्या धाकटीने पन्नाशी ओलांडली, केस पांढरे झाले, चष्म्याची काच जाड झाली, तरी घरात ती धाकटीच राहिली. आई तिला धाकटी म्हणते, मीही म्हणतो, आणि माझी बायको तिला धाकट्या वन्सं म्हणते. विद्यापीठात मात्र ती मॅडम. वनस्पतिशास्त्र विभागात शिकवता शिकवता तिचे उमेदीचे दिवस तिथेच गेले. लग्न केले नाही. का केले नाही असे कोणी विचारले, तर तिने तोंड उघडायच्या आत आई उत्तर देऊन मोकळी होते, "तिला कांद्यातून सवड मिळेल तेव्हा ना."

कांदा म्हणजे कांद्याचे बी. ते पेरल्यावर किती दिवसांत उगवते, किती उगवते आणि लवकर उगवावे म्हणून काय करता येईल, एवढाच तिचा विषय. हा विषय छोटा आहे हे तिला माहीत होते. मोठे विषय मोठ्या प्रयोगशाळांत चालतात, तिथे यंत्रे असतात, पैसा असतो. तिच्याकडे विज्ञान इमारतीच्या मागचे एक जुने काचघर होते आणि पदवीच्या वर्गातली मुले होती.

मी त्याच विद्यापीठाच्या खरेदी विभागात. तिला लागणारे ट्रे, माती, बियाणे यांच्या मागण्या माझ्याच टेबलावरून जातात. लोकांना वाटते, भाऊ बसला आहे तर बहिणीचे काम पटकन होत असेल. तिची तक्रार नेमकी उलट आहे. जेवताना ती माझ्या बायकोला सांगते, "वहिनी, सगळ्या विभागांच्या मागण्या दादाच्या हाताखालून सुटतात, माझी तेवढी नियमात बसत नाही."

पदवीच्या मुलांनी नुसती पुस्तके वाचू नयेत, एखादा छोटा प्रश्न हातात घेऊन वर्षभर त्याच्या मागे लागावे, म्हणून विद्यापीठाने एक योजना काढली होती. प्रत्येक प्राध्यापकाने दोन-तीन मुले घ्यायची, त्यांना प्रकल्प द्यायचा, वाट दाखवायची आणि वर्षाच्या शेवटी सगळ्या विभागासमोर त्या मुलांनी आपण काय केले ते उभे राहून सांगायचे. बहुतेक प्राध्यापकांना हे वाढीव ओझे वाटायचे. काहींची मुले आदल्या वर्षीचाच प्रकल्प नवे कपडे चढवून उभा करायची. धाकटी मात्र पदव्युत्तर वर्गापेक्षा या पोरांत जास्त रमायची. तिचे म्हणणे असे की, या वयात मुलांना आपल्याला काय येत नाही हे सांगायची लाज वाटत नाही, पुढे ती वाटायला लागते.

तिची एक पद्धत होती. नव्या मुलाला ती पहिल्याच दिवशी नवा प्रकल्प देत नसे. आदल्या वर्षीच्या मुलाने जे केले, तेच त्याने आधी पहिल्यापासून करून बघायचे. कसे करायचे तेवढे सांगायचे, पण निकाल काय आला होता ते सांगायचे नाही. नव्याचा निकाल जुन्याशी जुळला की मग पुढचे काम. मुले कुरकुरायची. एकमेकांना म्हणायची, मॅडमच्या काचघरात आधी पाणी भरावं लागतं, मग आत घेतात. ही थट्टा तिच्या कानावर गेली होती आणि तिला ती आवडलीही होती.

या पद्धतीतूनच तिचा एकुलता एक शोधनिबंध उभा राहिला. विद्यापीठाच्या कुंपणाशी एक तण माजायचे. त्याच्या पाल्याचा अर्क पाण्यात मिसळून कांद्याच्या बियाला दिला तर बी लवकर उगवते, आणि अर्क जितका दाट तितके आणखी लवकर, असे तिच्या एका विद्यार्थ्याला आढळले. हा मुलगा इतका उंच की काचघराच्या दारातून वाकून आत यायचा. सगळे त्याला लंबू म्हणत. लंबूच्या नंतर जी जी मुले आली, त्यांनी त्याचा प्रयोग पुन्हा केला आणि प्रत्येकाला तेच दिसले. तेव्हा कुठे धाकटीने धीर करून निबंध लिहिला. तो एका चांगल्या नियतकालिकात छापून आला. वर लंबूचे नाव, खाली तिचे. त्या जोरावर लंबूला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत डॉक्टरेटसाठी जागा मिळाली. निबंध आला त्या दिवशी धाकटीने तो आईला दाखवला. आईने चष्मा लावून तो उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "कांद्याचं चित्र नाही का कुठे?"

यंदा तिची प्राध्यापकपदाच्या बढतीची मुलाखत होती. सहयोगी म्हणून ती इतकी वर्षे राहिली होती की तिच्या हाताखालून शिकून गेलेले दोघे तिच्या वर जाऊन बसले होते. ती तसे कधी बोलून दाखवत नसे. पण मुलाखतीचे पत्र आल्यावर तिने नवी साडी घेतली आणि ती कपाटात वेगळी ठेवली, हे माझ्या बायकोच्या नजरेतून सुटले नाही. धाकटीला वयामुळे ही संधी शेवटची होती. विभागप्रमुख तिला म्हणाले होते, शिकवण्याबद्दल कोणी शंका घेणार नाही, संशोधनाच्या रकान्यात तो एक निबंध आहे, तो भक्कम आहे, निभेल.

त्याच वर्षी चिमणी आली.

मुलगी अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. वर्गात हजेरीला ओ दिली तरी तिची गैरहजेरी लागायची. तिने स्वतःहून प्रकल्प मागितला नव्हता, मैत्रिणीने तिचे नाव घातले आणि मैत्रीण स्वतः भलत्याच विभागात गेली. धाकटीने तिला नेहमीप्रमाणे लंबूचा प्रयोग करायला सांगितला. ओळीने ट्रे मांडायचे, सगळ्यांत सारखी माती, सारखे बी. पहिल्या ट्रेला साधे पाणी, पुढच्याला थोडा अर्क, त्याच्या पुढच्याला जास्त, असे करत शेवटच्याला सगळ्यात दाट. साध्या पाण्यापासून सुरुवात एवढ्यासाठी करायची, की दाट अर्काचा थेंब चुकूनही साध्या ट्रेत पडू नये. मग रोज बघायचे आणि किती कोंब वर आले ते लिहायचे.

काही दिवसांनी चिमणी धाकटीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत येऊ का असेही तिला विचारता येईना. धाकटीनेच वर बघितले. चिमणी म्हणाली, "मॅडम, साध्या पाण्याचं आधी उगवलं. दाट अर्काचं अजून आलंच नाही. माझं काहीतरी चुकलं असणार."

विभागप्रमुख तिथेच चहा पीत बसले होते. ते हसून म्हणाले, अगं, ट्रेवरच्या चिठ्ठ्या उलट लावल्या असशील. धाकटी काचघरात जाऊन बघून आली. चिठ्ठ्या बरोबर होत्या. तिने चिमणीला पुन्हा पेरायला सांगितले. पुन्हा तेच झाले. साध्या पाण्याच्या ट्रेत हिरवी रेघ उमटली आणि दाट अर्काच्या ट्रेत काळी माती तशीच.

चिमणीने प्रकल्प सोडायचा अर्ज आणून दिला. तिच्या हाताला बीच रुजत नाही, असे तिला वाटायला लागले होते. घरी तिच्या आजीने कुंडीत लावलेली रोपेही तिने पाणी घातले की मरतात म्हणे. धाकटीने अर्ज घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. "रोपं जास्त पाण्याने मरतात, हाताने मरत नाहीत," ती म्हणाली. "उद्या तिसऱ्यांदा पेरू. तू तुझ्या पद्धतीने कर, मी फक्त बघत बसते. एक शब्द बोलणार नाही."

काचघराची रचना इथे सांगावी लागेल. लांबट खोली. दार एका लांब भिंतीच्या मधोमध, दाराशेजारी नळ आणि तिथेच टांगलेला तापमापक. समोर सबंध लांबीभर सिमेंटचा ओटा. ओट्याच्या उजव्या टोकाला विटांची भिंत. ती भिंत पलीकडच्या वसतिगृहाची.

धाकटी स्टुलावर बसली. चिमणीने चिठ्ठ्या लावलेल्या रिकाम्या ट्रेची चळत उजव्या हातावर घेतली, ओट्याच्या उजव्या टोकाला गेली, डाव्या हाताने पहिला ट्रे, म्हणजे साध्या पाण्याचा, भिंतीला लागून ठेवला आणि डावीकडे सरकत सरकत एकेक ठेवत गेली. दाट अर्काचा ट्रे शेवटी, डाव्या टोकाला.

धाकटी एक शब्द बोलणार नव्हती, आणि बोललीही नाही. चिमणी डावखुरी आहे हे तिने याआधी पाहिले नव्हते असे नाही. वहीत लिहिताना पाहिले होते. पण काचघरात आजवर एकही डावखुरे मूल आले नव्हते. बाकी सगळ्यांनी चळत डाव्या हातावर घेतली होती, उजव्या हाताने ट्रे ठेवले होते आणि म्हणून डावीकडून उजवीकडे गेले होते. लंबूही, त्याच्यानंतरची सगळी मुलेही, आणि कधी वेळ पडली तेव्हा धाकटी स्वतःही. कोणी कोणाला तसे सांगितले नव्हते, हात जसा चालतो तसे ते झाले होते. त्यामुळे इतकी वर्षे दाट अर्काचा ट्रे दर वेळी त्या विटांच्या भिंतीशी येत होता.

चिमणीचे मांडून झाल्यावर धाकटी उठली आणि तिने भिंतीवर तळवा टेकवला. भिंत कोमट होती. पलीकडे वसतिगृहाचे स्वयंपाकघर, आणि भिंतीला लागून त्यांची गरम पाण्याची टाकी.

कांद्याचे बी उबेला लवकर उगवते, हे कोणीही सांगेल. तापमापक दाराशी, मधोमध. तो रोज वाचला जायचा, वहीत लिहिला जायचा आणि सगळीकडे सारखेच तापमान आहे असे सगळे धरून चालायचे. कोणता ट्रे कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि जागा फिरवत राहाव्यात, हे धाकटी स्वतः दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहून शिकवत होती. काचघरात मात्र थेंब उडू नये या एका काळजीपायी ते राहून गेले होते. आणि ज्या पद्धतीवर तिचा एवढा भरवसा होता, नव्याने जुन्याचे करून बघावे, त्या पद्धतीने चूक पकडली नाही. उलट दर वर्षी ती अधिक पक्की केली. जितकी मुले आली, तितक्यांनी ती चूक सारखीच केली आणि प्रत्येक वेळी निकाल जुळला म्हणून धाकटीला बरे वाटले.

तरी तिने घाई केली नाही. चिमणीला बरोबर घेऊन सगळे ट्रे पुन्हा भरले आणि सगळ्यांना नुसते साधे पाणी घातले. भिंतीशी ठेवलेला ट्रे आधी उगवला, त्याच्या शेजारचा नंतर, आणि ओट्याच्या डाव्या टोकापर्यंत कोंब पायऱ्या उतराव्यात तसे ठेंगणे होत गेले. तणाच्या अर्काचा त्यात काही संबंध नव्हता.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि जेवली नाही. आईने विचारले, बरं नाही का. ती म्हणाली, "आई, माझा निबंध खोटा निघाला." आईला वाटले कोणीतरी तिच्यावर आळ घेतला आहे. आई त्या अज्ञात माणसाला बराच वेळ बोलत राहिली. शेवटी धाकटीला सांगावे लागले, "ज्याला तू शिव्या देतेस तो माणूस म्हणजे मीच."

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांकडे गेली. निबंध मागे घ्यायचे पत्र लिहिणार असल्याचे तिने सांगितले. हा माणूस वाईट नव्हे. त्यांनी आधी दार लावून घेतले, मग चष्मा काढून पुसला, मग शांतपणे समजावले की, निबंध मागे घ्या, अवश्य घ्या, पण मुलाखत होऊन जाऊ द्या. एवढ्या वर्षांचा निबंध आणखी दोन महिने छापील राहिला तर कोणाचे शेत बुडणार आहे? रकाना रिकामा झाला की पुढचे काही बोलायलाच नको, हेही त्यांनी सांगितले. माझ्या बायकोचेही मत तेच पडले. ती म्हणाली, "वन्सं, पत्र लिहून ठेवा. पाकिटात घाला. फक्त टाका नंतर."

धाकटीला ते पटले नाही असे मला वाटत नाही. दोन दिवस तिने पत्र लिहायला घेतले नाही, तिला मोह पडला असावा. अडचण अशी की मुलांनी विभागासमोर आपापले प्रकल्प सांगायचा दिवस मुलाखतीच्या आधी होता. चिमणी उभी राहणार होती. तिने काय सांगायचे?

यावर तोडगा चिमणीनेच आणला. तिला मुलाखतीचे कोणी सांगितले होते कोण जाणे, विभागात अशा गोष्टी भिंतींतून झिरपतात. ती धाकटीच्या खोलीत आली, या वेळी न विचारता आली, आणि उभ्याउभ्याच बोलली.

"मॅडम, मी म्हणते की माझ्याकडून नीट झालं नाही. ट्रे चुकले. बी खराब होतं. काहीही. मला काय, पास होण्यापुरते मार्क मिळाले तरी पुरे. मला कोण ओळखतं?"

"मी ओळखते," धाकटी म्हणाली. "बस जरा."

चिमणी बसली.

"तू या काचघरात बरोबर काम केलंस. इतक्या मुलांत तुझ्याच हातून मला ते कळलं. आणि आता तू सगळ्यांसमोर उभी राहून म्हणणार की चूक तुझी. मग तू इथून काय शिकून जाणार, सांग? की मॅडम अडचणीत आल्या की आपण खोटं बोलायचं?"

चिमणी रडायला लागली. धाकटीने तिला पाणी दिले आणि तिचे रडून होईपर्यंत समोरच्या उत्तरपत्रिका तपासत बसली. तिला कोणाची समजूत घालणे कधीच जमले नाही. मग तिने ड्रॉवरमधून प्रकल्प सोडायचा तो अर्ज काढला, चिमणीला परत दिला आणि म्हणाली, आता हा फाडायचा की द्यायचा ते तू ठरव. चिमणीने फाडला.

आता लंबूला सांगणे उरले. निबंधावर त्याचे नाव पहिले, तेव्हा त्याला विचारल्याशिवाय पत्र पाठवता येत नव्हते. हा फोन तिने घरून केला, आमच्या पुढच्या खोलीतून. आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो होतो, आणि घर लहान असल्यामुळे ऐकू येत होते. तिने कोमट भिंतीपासून सगळे सरळ सांगितले, मध्ये कुठे थांबली नाही. पलीकडून त्याने काहीतरी विचारले असावे. मग ती म्हणाली, "हो. तुझंही नाव जाईल. मला माहीत आहे." मग, "रागावलास तरी चालेल. पण उद्यापर्यंत विचार कर." फोन ठेवून ती आत आली तेव्हा आईने तिच्यापुढे ताट सरकवले आणि या खेपेस काहीच विचारले नाही.

लंबूने दुसरा दिवस उजाडायचीही वाट पाहिली नाही. पहाटेच फोन आला. तो मी उचलला, कारण धाकटी आंघोळीला गेली होती. मी सांगितले, थांब, बोलावतो. तो म्हणाला, नको काका, मला आधी तुमच्याशीच बोलू द्या, त्यांच्याशी बोलायला लागलो तर मला सुचणार नाही.

त्याच्या त्या मोठ्या संस्थेत बी उगवायला बंद कपाटे होती, आत तापमान एकसारखे राखणारी. तिथे गेल्यापासून तो तणाचा अर्क देत होता आणि एकदाही त्याचा उपयोग झालेला दिसला नव्हता. एकदाही नाही. त्याने तो दाट केला, पातळ केला, पाला वेगळ्या ऋतूत खुडून बघितला. मार्गदर्शकांना त्याने हे पूर्ण सांगितले नव्हते. धाकटीला तर मुळीच नाही. "काका, मला वाटलं, जे कॉलेजातल्या पोरांना जमतं ते मला आता जमेनासं झालंय. मॅडमना कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मी डॉक्टरेट सोडून नोकरी बघत होतो."

धाकटी ओले केस बांधत बाहेर आली तेव्हा मी फोन तिच्या हातात दिला आणि मागच्या बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. ती आधी नुसती ऐकत होती. मग तिचा आवाज आला, वर्गात मुलाला दटावतात तसा. "अरे मूर्खा, इतके दिवस गप्प बसलास? मला एक फोन केला असतास तर." नंतर जरा थांबून, हळू आवाजात ती म्हणाली, "बरं. मीही विचारलं नाही म्हणा."

पत्र त्याच दिवशी गेले. दोघांच्या नावाने. पाकिटात ठेवून नंतर टाकायचा प्रश्नच उरला नाही. विभागप्रमुखांना तिने प्रत दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि "तुम्ही कुणाचं ऐकणाऱ्यांतल्या नव्हेच" एवढेच म्हणाले. मुलाखत झाल्यावर मागे घ्या असा आग्रह त्यांनी पुन्हा धरला नाही. लंबूची गोष्ट ऐकल्यावर त्यांनाही तो धरवला नसावा.

सादरीकरणाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो. सभागृहाला माइक होता म्हणून बरे, नाहीतर चिमणीचे पहिल्या रांगेलाही कळले नसते. तिने फळ्यावर ओटा काढला, दार काढले, भिंत काढली, टाकी काढली. डाव्या हाताने काढत होती आणि काढताना अंगाची सावली चित्रावर पडू नये म्हणून बाजूला सरकत होती. तिने प्रकल्पाचे नाव बदलले होते. आता त्यात तणाचा उल्लेख नव्हता, काचघरातल्या उबेचा कांद्याच्या उगवणीवर काय परिणाम होतो एवढेच होते. समोर बसलेल्यांपैकी एका प्राध्यापकांनी विचारले की, मग इतकी वर्षे हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? प्रश्न चिमणीला होता. तिने धाकटीकडे बघितले.

धाकटी जागेवरून उठली. "तो प्रश्न मला आहे," ती म्हणाली. "मुलांना मी जसं शिकवलं तसं त्यांनी केलं. ट्रे फिरवायचे राहिले ते माझ्याकडून." आणि खाली बसली. प्राध्यापकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकीच्या अंतराबद्दल विचारला. तो चिमणीला येत होता. तिने ते अंतर स्वतः मोजले होते.

मुलाखतीला धाकटी ती नवी साडी नेसून गेली. परत आल्यावर तिने आम्हाला सांगितले ते असे. समितीतल्या एका बाईंनी तिचे कागद चाळून विचारले, शोधनिबंध इथे एकही दिसत नाही, असे कसे? ती म्हणाली, एक होता, मागे घेतला. त्यांनी कारण विचारले. तिने सांगायला सुरुवात केली आणि समिती ऐकत राहिली. एकाने तर कागद घेऊन तिला ओटा काढायला लावला. त्यातले निम्मे प्रश्न तिच्याबद्दल नव्हतेच, त्यांना आपापल्या प्रयोगशाळांतल्या भिंती आठवायला लागल्या होत्या. माझ्या बायकोला वाटले, म्हणजे काम झाले. धाकटीला तसे वाटले नाही. तिने साडी घडी करून कपाटात ठेवली.

निकाल लागला तेव्हा यादीत तिचे नाव नव्हते. निकालाचे परिपत्रक आमच्याच विभागात आधी आले. मी ते घेऊन तिच्या खोलीत गेलो. ती काचघरात असल्याचे कळले. तिथे गेलो तर ती आणि चिमणी ओट्याशी उभ्या, आणि सुटीसाठी आलेला लंबू स्टुलावर बसून चिठ्ठ्या टाकत होता. कोणता ट्रे कुठे जाणार ते चिठ्ठीवर ठरणार होते. मी परिपत्रक पुढे केले. तिने चष्मा वर करून वाचले, मला परत दिले आणि म्हणाली, "दादा, आईला मी सांगते. तू सांगू नकोस, तू चेहरा पाडतोस."

संध्याकाळी तिने सांगितले. आईने विचारले, "मग उद्या घरी राहणार का? एखादा दिवस आराम कर."

"छे गं," धाकटी म्हणाली, "आता रोज सकाळी जाऊन ट्रे जागचे हलवायचे असतात."

"रोज?"

"रोज. रविवारीसुद्धा."

आईने माझ्याकडे बघितले. "म्हणजे बढती नाही, पण काम वाढलं," ती म्हणाली. धाकटी हसली, आणि मग तिने डोळे पुसले. माझी बायको सगळ्यांच्या ताटात दुसऱ्यांदा वाढायला लागली.